दीपालीताईंच्या भाच्या

रिक्षाच्या आरशात वाकून बघत दीपालीताईंनी कपाळावर विभूतीची तीन बोटं आडवी ओढली. नेमकी तेव्हाच रिक्षा खड्ड्यात आदळली आणि खालचं बोट भुवईपर्यंत घसरलं. त्यांनी पदरानं कपाळ पुसलं आणि पुन्हा पुडीत बोटं बुडवली. रिक्षावाला आरशातून टकामका बघत होता.

"ताई, आज आपण कोण?" शेजारी बसलेल्या राजकन्येनं विचारलं.

"लिंगायत. गाव शिरूर अनंतपाळ. मी तुझी सख्खी मावशी. तुझे आईवडील अपघातात गेले, तू माझ्याकडंच वाढलीस. ध्यानात राहील ना?"

"मागच्या घरी आजारानं गेले होते."

"ते मागच्या घरी. दर वेळी एकाच कारणानं मारायचं का माणसांना?"

राजकन्या रिक्षाबाहेर बघायला लागली. ती मुळातच कमी बोलायची, आणि बोलली नाही की काहीतरी शिजतंय हे दीपालीताईंना इतक्या वर्षांत कळलं होतं. पण आज त्यांना तिकडं लक्ष द्यायला सवड नव्हती.

आता एवढी शिकलीसवरली, चांगली सरकारमान्य संस्थेत नोकरी करणारी बाई भर दुपारी असली सोंगं का घेते, असं कुणालाही वाटेल. त्याचं असं होतं. बालगृहातल्या मुलीला अठरा पूर्ण झाली की बालगृह सोडावं लागतं. मग एकवीसपर्यंत अनुरक्षण गृह. तिथं राहून तिनं शिकायचं, कामाला लागायचं, पायावर उभं राहायचं. एकवीस झाली की हातात पिशवी, पिशवीत कपडे आणि पुढ्यात अख्खं लातूर. दीपालीताई तिथल्या समुपदेशक. मूळच्या नायगावच्या, लग्न होऊन इकडं आलेल्या. मुलींना बाहेरच्या जगासाठी तयार करायचं काम त्या जीव ओतून करायच्या. गॅसची टाकी कशी लावायची, लाइट बिल कसं वाचायचं, बँकेत न घाबरता कसं बोलायचं, नको तिथं 'नको' कसं म्हणायचं, सगळं शिकवायच्या. गंजगोलाईच्या बाजारात नेऊन एकेकीला पावशेर भेंडी घ्यायला लावायच्या, कारण या मुलींनी पोत्यापेक्षा कमी भाजी घरात आलेली कधी बघितलीच नव्हती.

पण भाड्याची खोली? तिथं सगळी विद्या संपायची. पहिल्या पोरीच्या वेळी दीपालीताईंनी भाबडेपणानं खरं सांगून टाकलं होतं. मग काय विचारता! "संस्थेतली का? नको बाई, आमच्या घरात पोरंसोरं हायत." "आत्ताच दिली की खोली, तुम्ही पायरी चढायच्या आधी." एका बाईनं तर त्या पोरीच्या तोंडावर विचारलं, हिचं रक्त कुणाचं ते तुम्हाला तरी ठाऊक हाय का? त्या दिवसापासून दीपालीताईंनी खऱ्याला रामराम ठोकला.

तेव्हापासून त्या कुणाची आत्या, कुणाची मामी, कुणाची मावशी. जसं घर तशी जात, जशी जात तसं गाव. लातुरात त्यांच्या भाच्या इतक्या वाढल्या, की बाजारात कुणी "ओळखलं का?" म्हटलं तर त्या आधी "कोणत्या गल्लीतल्या?" असं विचारून घ्यायच्या आणि मग नातं आठवायच्या. नवरा म्हणायचा, एक दिवस पितळ उघडं पडणार तुझं. त्या म्हणायच्या, पडेल तेव्हा पडेल, तोवर पोरी छपराखाली तरी आहेत.

राजकन्येचं काम मात्र अडून बसलं होतं. आयटीआयमधून वायरमनचा कोर्स करून ती दालमिलमध्ये मोटारी आणि स्विचबोर्ड सांभाळायला लागली होती, आणि मिलच्या मालकानं तिला कायम करायचं ठरवलं होतं. पहिली पाळी पहाटेची, म्हणून खोली मिलजवळच हवी. महिनाअखेर तिला एकवीस पूर्ण होत होती. खोली नाही मिळाली तर नांदेडच्या वसतिगृहात जागा होती, पण मग नोकरी गेली. एवढ्या खटपटीनं मिळालेली, तिच्या हाताला शोभणारी नोकरी. चार घरं नाही म्हणाली होती. हे पाचवं, आणि मिलच्या आसपास सहावं नव्हतं.

घर गुंडप्पांचं. त्यांचं भांड्यांचं दुकान होतं, दोन्ही मुलं हैदराबादला, वरची खोली रिकामी. दार उघडलं ते त्यांच्या बायकोनं, नीलम्मानं. ठेंगणी, गोरी, साठीची बाई. पदर खोचलेला, हात पिठाचे.

"शरणार्थ," दीपालीताई हात जोडून झोकात म्हणाल्या.

"शरणार्थ, शरणार्थ. या की आत." नीलम्माची नजर त्यांच्या कपाळावर गेली आणि चेहरा खुलला. "आपल्यातल्याच म्हणा की! बसा. चहा टाकते."

दीपालीताईंनी राजकन्येकडं बघून भुवई उडवली. बघ, असं त्यांना म्हणायचं होतं.

चहा आला, चिवडा आला. दीपालीताईंनी सगळी कहाणी अशी सांगितली की त्यांच्या स्वतःच्याच डोळ्यांत पाणी आलं. अपघात, पोरकी भाची, आपण पोटच्या पोरीसारखी वाढवलेली. नीलम्मा च् च् करत ऐकत होती.

"गाव कोणतं म्हणालात?"

"शिरूर अनंतपाळ."

"अय्यो!" नीलम्मानं हातातली बशी खाली ठेवली. "माझं म्हायेर की हो ते! कुणाच्या घरातल्या तुम्ही?"

दीपालीताईंनी कप तोंडाला लावला आणि तसाच धरून ठेवला. अख्ख्या जिल्ह्यात एवढी गावं सोडून आपल्याला हेच का सुचलं!

"म्हणजे... तशा आम्ही बरीच वर्षं बाहेरच..."

"ते आसू द्या. घर कुठं? मठाच्या अलीकडं का पलीकडं?"

"अलीकडं."

"अलीकडं तर आमचंच घर हाय. मग आमच्याच घरातल्या का तुम्ही?"

"नाही, जरा... पलीकडं म्हणजे..."

"पलीकडं कुणाच्या शेजारी?"

दीपालीताईंनी चिवड्याची बशी उगाच हातात घेतली. पंखा डोक्यावर फिरत होता तरी कपाळावरची विभूती घामानं ओली होत होती. त्या काहीतरी आडनाव शोधत होत्या आणि एवढी आडनावं पाठ असूनही एक आठवेल तर शपथ. नीलम्मा वाट बघत होती. तिचा चेहरा हळूहळू मिटत चालला होता.

राजकन्येनं कप खाली ठेवला.

"काकू, ह्या माझ्या मावशी न्हाईत," ती म्हणाली. "गाव बी ते न्हाई."

"राजकन्या!" दीपालीताई दबक्या आवाजात ओरडल्या.

"थांबा ताई." ती नीलम्माकडंच बघत होती. "मी बालगृहात वाढले. चार वर्षांची असताना नांदेडच्या स्टेशनात सापडले म्हणतात. नाव तिथल्या बाईंनी ठेवलं. जात माहीत न्हाई, गाव माहीत न्हाई. दालमिलमधी वायरमन हाय, पगार वेळेवर येतो. खोली पायजे. ह्या आमच्या समुपदेशक हायत, लई चांगल्या हायत. फक्त खोली मिळत न्हाई म्हणून आसं बोलतेत."

दीपालीताईंना वाटलं, संपलं. नोकरी गेली, पोरगी नांदेडला गेली, आणि आता ही बाई गल्ली गोळा करणार.

नीलम्मा उठली.

"बाई, तुम्ही भायेर बसा."

"अहो, माझं जरा ऐकून..."

"भायेर बसा म्हणते ना. माझ्याच म्हायेराचं नाव सांगून मला फसवायला निघालात! विभूती लावून! पोरगी थांबू द्या इथं. मला तिच्याशी बोलायचंय."

आणि दीपालीताई, ज्यांनी आयुष्यभर मुलींना मोठ्या माणसांपुढं ताठ उभं राहायला शिकवलं, त्या निमूटपणे उठल्या, बाहेर आल्या आणि चपलांच्या शेजारी पायरीवर बसल्या. आत एकट्या पडलेल्या पोरीच्या काळजीनं त्यांचा जीव टांगणीला लागला. आता ती बाई काय काय विचारेल आणि ही काय काय सांगत बसेल! हिला सांगायची तयारी करून घेतली होती ती शिरूर अनंतपाळची. खऱ्याची तयारी कुणी करून घेतली होती?

तेवढ्यात दुकानातून गुंडप्पा जेवायला घरी आले. पायरीवर अनोळखी बाई बघून थबकले.

"कोण पायजे?"

"आत बोलणं चाललंय. खोलीचं."

"मग तुम्ही भायेर का?"

"मला बाहेर काढलंय."

"असं होय." गुंडप्पांना त्यात काही विशेष वाटलं नाही. "मला बी काढतेत कधी कधी." आणि टोपी काढून ते दोन पायऱ्या सोडून खाली बसले. घर त्यांचं, पण आत जायचं धाडस त्यांनीही केलं नाही. खिडकी उघडी होती. दोघंही तिकडं कान लावून बसले.

"सैपाक येतो का?" नीलम्मा विचारत होती.

"येतो. चाळीस जणींचा."

"आन एकटीचा?"

"अजून कधी केला न्हाई. वरण करायला घेतलं की पातेलं भरतंय."

आतून फिस्सकन हसल्याचा आवाज आला. मग नीलम्मानं घसा खाकरला, म्हणजे आपण हसलो हे तिला आवडलं नसावं.

"पाणी कमी हाय बरं का इथं. नळ आठ आठ दिवस येत न्हाई."

"दोन बादल्यात भागतंय माझं. रांगेत आंघोळ करायची सवय हाय."

"रात्री एकटी झोपशील?"

दीपालीताईंनी पदराचं टोक मुठीत धरलं. हो म्हण, पटकन हो म्हण, त्या मनातल्या मनात सांगत होत्या.

"एकटी कवाच झोपले न्हाई," राजकन्या म्हणाली. "आमच्या खोलीत बारा जणी असायच्या. पयल्यांदा भीती वाटंल. पण झोपंन. सवय लावून घेईन."

गुंडप्पांनी टोपी गुडघ्यावर ठेवली आणि हळूच मान हलवली.

"हे बघ पोरी," नीलम्माचा आवाज आता खाली आला होता. "माझं काही न्हाई. पण ही गल्ली लई वाईट. उद्या शेजारीण ईल आन विचारंल, वरती कोण आलंय, कुणाची पोरगी हाय. मी काय सांगू? कुणाची म्हणून सांगू?"

हाच तो प्रश्न. याच प्रश्नासाठी दीपालीताईंनी इतकी वर्षं गावं, जाती, अपघात गोळा केले होते. त्या अर्धवट उठल्या. आता आत जावं, पाया पडावं, काहीही करावं, असं त्यांना झालं.

"भाडेकरू म्हणून सांगा," राजकन्या म्हणाली.

"आं?"

"वरती भाडेकरू आलीय म्हणायचं. भाडं देते, राहते. कुणाची आसायला कशाला पायजे?"

गुंडप्पांनी मांडीवर अशी थाप मारली की टोपी खाली पडली. "वा रे वा!" ते मोठ्यानं म्हणाले आणि मग आत ऐकू गेलं असेल म्हणून तोंडावर हात ठेवला. दीपालीताई उभ्याच राहिल्या. आपल्याला रडू येतंय की हसू, हे त्यांचं त्यांनाच कळेना. एवढं साधं उत्तर! इतकी वर्षं हे उत्तर त्यांच्या हाताशी होतं आणि त्या मेलेल्या आईबापांची संख्या वाढवत बसल्या होत्या.

आतल्या जिन्यावर पावलं वर गेली, खाली आली आणि दार उघडलं. नीलम्मा कमरेवर हात ठेवून उभी होती.

"तुम्ही कवा आलात?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"आत्ताच."

"आत्ताच न्हाई, मघाच. वा रे वा ऐकलं मी." मग ती दीपालीताईंकडं वळली. "मागच्या भाडेकऱ्याला आई होती, बाप होता, तीन काका होते, वर मोठ्या मोठ्या लोकांची ओळख होती. जाताना मोरीतला नळ काढून घेऊन गेला भाड्या. ह्या पोरीला कोणी न्हाई आन ती तोंडावर खरं बोलती. खोली दिली मी तिला."

"काकू..." दीपालीताईंनी हात जोडले.

"आन तुम्ही! शिकलेल्या बाया तुम्ही, पोरीला लपवायला शिकवता? तिनं काय चोरी केलीय का जन्माला येऊन?"

दीपालीताईंनी मान खाली घातली. बोलणी खाताना इतकं बरं त्यांना आजवर कधी वाटलं नव्हतं.

"काकू, एक राहिलं," मागून राजकन्या म्हणाली. "वरच्या दाराला आतून कडी न्हाई. मी बघितलं मघाशी वर. कडी लावून द्यावी लागंल."

"अगं आताच तर खोली दिली, लगेच कडी मागती!"

"आधीच बोललेलं बरं. नंतर नाराजी नको."

नीलम्मानं नवऱ्याकडं बघितलं. गुंडप्पा म्हणाले, "बाजारातून आणतो की उद्याच. पितळी आणतो."

परतीच्या रिक्षात दीपालीताईंनी आरशाकडं बघितलंही नाही. कपाळ त्यांनी केव्हाच पुसून टाकलं होतं. शेवटी राहवलं नाही.

"परक्या घरात माझी अब्रू काढलीस तू."

"तुम्हीच शिकवलं ना ताई, नको तिथं नको म्हणायचं."

"ते दुसऱ्यांना म्हणायला शिकवलं होतं. मला नव्हे!"

राजकन्या हसली. ती क्वचितच दात दाखवून हसायची. मग म्हणाली, "ताई, तिथं मी राहणार होते. तुम्ही चहा पिऊन परत आला असता. मला रोज ते गाव सांभाळावं लागलं असतं. सणाला काय करतो, मावशी कवा येणार, आईबापाची पुण्यतिथी कवा असती. पाळी करून आल्यावर एवढं कुठून आठवायचं?"

दीपालीताईंना आपल्या साऱ्या भाच्या आठवल्या. गल्लीबोळांतल्या खोल्यांत आपण दिलेलं गाव जपत बसलेल्या. हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी राजकन्येचा हात हातात घेतला आणि अनुरक्षण गृह येईपर्यंत सोडला नाही.

महिनाअखेरीस राजकन्या पिशवी, गादी आणि एकटीपुरतं लहान पातेलं घेऊन वरच्या खोलीत गेली. ते पातेलं गुंडप्पांनी दुकानातून दिलं आणि पैसे घेतले, कारण तिनं घ्यायला लावले.

पुढं दिवाळी झाली आणि अनुरक्षण गृहातल्या सृष्टीची बाहेर पडायची वेळ आली. ती कापडाच्या दुकानात कामाला लागली होती. दुकानामागच्या गल्लीत किशनराव म्हणून निवृत्त तलाठी होते, त्यांच्याकडं खोली होती. माणूस खवट, चौकश्या फार, असं ऐकून होतं. दीपालीताईंनी सृष्टीला बजावलं की आपण खरंच सांगायचं, पण मी आल्याशिवाय आत जाऊ नकोस. बोलल्या खऱ्या, पण मनात धाकधूक होतीच. राजकन्येचं झालं, ती गोष्ट वेगळी. सगळीकडं नीलम्मा थोडीच असते? त्यात नेमकी त्या दिवशी संस्थेत तपासणीला माणसं आली. निघायला उशीर झाला. रिक्षातून उतरून त्या धावतपळत गल्लीत शिरल्या. एखादी लांबची आत्या हाताशी असलेली बरी, असा विचार वाटेत एकदा त्यांच्या मनात येऊन गेला, नाही असं नाही. जित्याची खोड!

किशनरावांच्या दारात चपलाच चपला होत्या. आतून खणखणीत आवाज येत होता.

"तलाठी होता म्हणता, मग माणसं ओळखायला येत न्हाईत व्हय तुम्हाला?"

दीपालीताई उंबऱ्यावरच थांबल्या. आत मधल्या बाकावर नीलम्मा बसली होती. शेजारी गुंडप्पा, मुकाट चहा पीत. पलीकडं मिलचा निळा गणवेश घातलेली राजकन्या. पाळी संपवून थेट आली असावी, बाहीला ग्रीस होतं; सृष्टीनं तिला बोलावलं असणार आणि तिनं या दोघांना. तिच्या शेजारी सृष्टी, हात मांडीवर, पण मान वर. आणि या सगळ्यांपुढं किशनराव, पुरे घेरले गेलेले.

"तसं न्हाई हो," ते म्हणत होते. "पण कुणीतरी ओळखीचं लागतंय ना. उद्या काही झालं तर मी कुणाला विचारू?"

"मला विचारा," राजकन्या म्हणाली. "आम्ही एकाच घरात वाढलोय. माझा पत्ता घ्या, मिलचा घ्या. हे माझे घरमालक समोर बसलेत, माझं कसं काय ते त्यांना विचारा. सृष्टीची ओळख मी देते."

पत्ता म्हणताना तिच्या आवाजात जो ठसका आला, तो दीपालीताईंनी उंबऱ्यावरूनच ऐकला. तीन महिन्यांपूर्वी हिला कुणाची म्हणून दाखवायचं हा प्रश्न होता. आज ती दुसरीची ओळख देत होती.

किशनरावांनी नीलम्माकडं बघितलं, राजकन्येकडं बघितलं, मग सृष्टीला म्हणाले, "सामान कवा आणतीस?"

"रविवारी," सृष्टी म्हणाली. बोलता बोलता तिचं दाराकडं लक्ष गेलं. "ताई!"

सगळ्यांच्या माना वळल्या. किशनराव वैतागले.

"आता ह्या कोण? अजून किती जणी येणार हायत?"

दीपालीताई आत आल्या. पळाल्यामुळं त्यांना धाप लागली होती.

"मी दीपाली. संस्थेत असते," त्या म्हणाल्या. "ह्या पोरींना खोली मिळवून द्यायचं काम माझं."

"ते तर झालं की," किशनराव म्हणाले. "बसा आता."

नीलम्मा बाकावर जरा सरकली आणि तिनं शेजारी जागा करून दिली. दीपालीताई बसल्या.